कमानपाट्याचा हातोडा

२०२२ च्या शिमग्याआधी दोन दिवस ओळखीच्या भंगारवाल्याचा फोन आला. "तुमास्नी लोहारकीचं जुनं काय काय लागतंय न्हवं? नदीकाठाला एक वर्कशॉप मोकळं करायला घेतलंय. परवा गॅस कटर लावणार. बघायचं असंल तर आजच या."

मी कोल्हापुरात एका फाउंड्रीत पॅटर्न विभाग, म्हणजे वाळूत दाबून साचा घ्यायचे नमुने करणारा विभाग, बघतो. अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघालो. लोहारकी आमच्या घरातलीच. आजोबा वाळवे तालुक्यातल्या एका गावात बलुत्यावर काम करायचे. आजी भाता ओढायची आणि गर्दीच्या दिवसांत घणही मारायची. मृगाच्या तोंडावर फाळ, फासा, खुरपी शेवटून, म्हणजे ठोकून धार-टोक काढून घ्यायला दारात माणसं बसून राहायची. वडिलांनी नोकरी धरली, भट्टी विझली आणि माझ्या वाट्याला आजोबांची एक लांब दांड्याची सांडशी आली. तीच घेऊन गेली दहा वर्षं सुट्टीच्या दिवशी मी शेतातल्या शेडमध्ये काम करतो. अडचण एकच होती, घण मारायला दुसरा माणूस मिळत नाही. जाड लोखंड एकट्याच्या हातोड्याने फक्त वरवर पसरतं, आतला गाभा जागचा हलत नाही. त्यामुळे यांत्रिक हातोड्याच्या शोधात मी बरीच वर्षं होतो.

वर्कशॉप म्हणजे साठेक फूट लांबीची कौलारू शेड. आढ्याखालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाइन शाफ्ट, म्हणजे पट्ट्यांनी सगळ्या यंत्रांना गती देणारा लांब फिरता गज, त्यावर लहानमोठ्या नऊ पुल्या. टोकाला ऑइल इंजिनचा चौथरा होता, इंजिन आधीच गेलं होतं. या भागात अशी वर्कशॉप का उभी राहिली हे समजून घ्यायला फार लांब जावं लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर शेतात आला की त्याचा फाळ झिजणार, वाकणार, बदलावा लागणार. गावच्या भात्यावर ते काम उरकेना, तिथे पट्ट्यावर चालणारी यंत्रं आली. या शेडमध्ये फाळ झाले, कुळवाच्या फासा झाल्या, उसाच्या गाड्यांचे आस झाले, गुऱ्हाळाच्या चरकांची दुरुस्ती झाली. सगळं कोपऱ्यातल्या काळ्या यंत्राखाली.

तो कमानपाट्याचा हातोडा होता. पुढच्या सगळ्या गोष्टी त्याच्या रचनेवर अवलंबून आहेत, म्हणून ती सांगतो. वर ट्रकला असतो तसा कमानपाट्यांचा जुडगा, मधोमध टेकलेला, तराजूच्या दांडीसारखा. मागचं टोक फिरत्या एक्सेंट्रिकला, म्हणजे मध्य सोडून बाजूला बसवलेल्या चकतीला, दांड्याने जोडलेलं, पुढच्या टोकाला ४० किलोचा ठोकळा, तो गाइडमधून वरखाली होतो. एक्सेंट्रिक फिरला की मागचं टोक खेचलं जातं, पाटे लवतात आणि चाबकासारखे सुटतात. तो झटका ठोकळ्याला मिळतो. दांडी ताठ गजाची असती तर प्रत्येक ठोक्याचा हादरा बेअरिंगात गेला असता, आणि खालचं लोखंड जाड असो की पातळ, ठोकळा ठरलेल्या उंचीवरच थांबला असता. पाटे तो फरक गिळून टाकतात. खाली पायाचा दांडा असतो. तो दाबला की टेन्शन पुली ढिल्या पट्ट्यावर बसते आणि पट्टा हळूहळू पकड घेतो. पाय अलगद ठेवला तर थापटल्यासारखे ठोके, पूर्ण दाबला तर मिनिटाला २४०.

बनवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. मी टेप काढला, कारण बिडाची फ्रेम बघून मला एक शंका आली होती. बुडाच्या बोल्टांच्या भोकांमधलं अंतर पावणेबारा इंच आणि एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. असं माप कोणी मुद्दाम ठेवत नाही, बारा इंच ठेवतो. बीड ओतल्यावर थंड होताना फुटाला एक सूत आकसतं, आणि ते भरून काढायला आम्ही पॅटर्नवाले वाढीव मापाची वेगळी पट्टी वापरतो. इथे बारा इंचाला बरोबर एक सूत कमी होतं. म्हणजे कोणीतरी मूळ यंत्राचाच भाग वाळूत दाबून साचा घेतला होता आणि त्यातून ही फ्रेम ओतली होती. मूळ यंत्र बहुधा विलायती असावं, हे ओतीव मात्र इथल्या मातीतलं. फ्रेमच्या आतल्या बाजूला हात फिरवला तर गाभ्याच्या वाळूचा खरबरीतपणा आणि ओतणाऱ्याच्या बोटांचे चार ठसे लागले. तिथेच मी ठरवलं की याला गॅस कटर लागू द्यायचा नाही.

भाव किलोवर ठरला, ३८ रुपये. हातोडा वजनकाट्यावर ११४० किलो भरला. त्याच भावात उभ्या पायाचा एक व्हाइस, हाताने फिरवायचा पंखा आणि बैलगाडीच्या चाकाची धाव, म्हणजे चाकावरचं लोखंडी कडं, वाकवायचा तीन रोलरचा बेंडर मिळाला. ऐरण मात्र भंगारवाल्याने वेगळी काढून ठेवली होती, तिचे वेगळे पैसे द्यावे लागले. तेही मी दिले, आणि त्याबद्दल खंत नाही.

हातोडा हलवायला पूर्ण दिवस गेला. शेडचं दार अरुंद, हायड्रा क्रेन आत येईना. चेनपुली आढ्याला लावायचा मोह झाला, पण कौलारू आढ्याचं लाकूड वाळवीने पोखरलेलं होतं. म्हणून वरचे पाटे, एक्सेंट्रिकचा शाफ्ट आणि मोठी पुली जागेवरच सोडवली, फ्रेम पहारीने इंच इंच उचलून खाली पाइपचे तुकडे घातले आणि दारापर्यंत लोटत आणली. बाहेर हायड्राने उचलून ४०७ टेम्पोत ठेवली.

हे चालू असताना एक म्हातारे गृहस्थ दारात बसून बघत होते. धोतर, पांढरी टोपी, उजव्या हाताची करंगळी अर्धी. सगळं सामान चढल्यावर ते जवळ आले आणि फ्रेमवर हात ठेवून म्हणाले, "तोडणार हाय का चालवणार?" मी म्हटलं, चालवणार. "मग पाट्यांची कडी सोडताना म्होरं उभं ऱ्हाऊ नगा. आत लय ताण हाय." त्या वर्कशॉपमध्ये त्यांनी ४१ वर्षं काढली होती आणि शेवटची बावीस या हातोड्यावर. त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणू लागलो. ते नसते तर या यंत्राचं मी नुकसानच केलं असतं, हे आधीच सांगून ठेवतो.

सुट्या भागांचा गंज मी काकवीने काढला. आमच्या भागात ही सोय आहे. गुऱ्हाळावर आंबून खराब झालेली काकवी स्वस्तात मिळते. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकचं पिंप, आणि दोन-तीन आठवड्यांचा धीर. गंज सुटतो, खालचं निकोप लोखंड जवळजवळ तसंच राहतं, ग्राइंडरच्या ब्रशासारखं खरवडलं जात नाही. वास मात्र घराजवळ सोसणार नाही असा येतो. कलमकारीतला काळा रंग गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवूनच करतात. पिंपातलं पाणी शाईसारखं झालं तेव्हा त्यामागचं कारण डोळ्यांनी दिसलं. बाहेर काढल्यावर भाग लगेच धुवून, उन्हात तापवून तेल लावावं लागतं, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होतो. व्हाइसचा स्क्रू, पंख्याची दातेरी चाकं, बोल्ट, सगळं या पिंपातून गेलं.

मोठ्या पुलीपाशी मी अडलो. तिच्या तुंब्याला, म्हणजे शाफ्ट जातो त्या मधल्या भागाला, तडा होता. चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून निघून बाहेरपर्यंत आलेला. असे तडे तिथूनच निघतात, कारण खाचेचा कोपरा जितका काटकोनी तितका ताण तिथे साठतो. तुंब्याच्या बाहेरून एक लोखंडी कडं बसवलेलं होतं, दीड बोट रुंद, ओबडधोबड, एका जागी जोड दिसणारं. मी ते जुगाड समजलो. कडं कापायचं, तडा खोदून इंग्रजी व्ही अक्षरासारखी चर करायची, तुंबा तापवून निकेलच्या रॉडने भरायचा आणि पुन्हा मशिनिंग करायचं, असा बेत केला. ग्राइंडरला कटिंग व्हील लावलं. त्या दिवशी मामा शेतावर आले होते.

"ते कडं काढायचं न्हाई बगा," ते म्हणाले. "म्या आन माज्या बाबानं चडवलंय ते."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ते विशीचे असताना पुली तडकली. नवी यायला महिना लागणार आणि गाळपाचा हंगाम तोंडावर. त्यांच्या वडिलांनी गाडीच्या चाकाला धाव चढवतात तसं कडं चढवलं. पट्टी गोल वाकवून भट्टीत जोडली, आतलं माप तुंब्यापेक्षा नखभर लहान ठेवलं, कडं लाल केलं आणि दोघांनी दोन सांडश्यांनी उचलून जागेवर बसवलं. थंड होताना ते आवळत गेलं आणि तड्याची तोंडं मिटली.

रात्री मी हिशेब मांडला. तुंब्याचा व्यास १६० मिलिमीटर. लोखंड पाचशे अंशांनी तापलं की एवढ्या कड्याचा व्यास जवळपास १ मिलिमीटरने वाढतो. नखभर लहान कडं तेवढ्यात आरामात सरकतं, आणि थंड झाल्यावर चहूबाजूंनी जो दाब देतं तो कुठल्याही बोल्टला देता येणार नाही. पाच फुटी चाकाच्या धावेला हाच नियम लावला तर व्यासात जवळपास १ सेंटीमीटर मिळतो. तेवढ्यावरच आरे आणि पुठ्ठे, म्हणजे चाकाच्या घेराचे लाकडी तुकडे, कायमचे घट्ट होतात. लोहाराने हा हिशेब कागदावर कधी केला नसेल, हाताने मात्र शेकडो वेळा केला. उलट मी करायला निघालो होतो त्या वेल्डिंगमध्ये जुनं, तेल मुरलेलं बीड पुन्हा शेजारूनच तडकण्याची भीती मोठी होती.

तरी खात्री हवीच, कारण ही पुली माझ्या डोक्याच्या उंचीवर फिरणार होती. डाय पेनिट्रंट, म्हणजे तडे दाखवणारा रंग, मारून बघितलं: लाल रंग, पुसणं, पांढरी पावडर. तड्याची रेघ कड्याखाली शिरली होती, पलीकडे निघाली नव्हती. दोरीला टांगून पुली वाजवली, आवाज स्वच्छ आला. मी कटिंग व्हील काढून ठेवलं. कडं आहे तसं आहे. पुलीभोवती जाडजूड जाळीचा पिंजरा मात्र केला, तो मूळ यंत्रावर नव्हता.

या प्रसंगानंतर कुठलाही भाग काढण्याआधी तो तिथे कोणी आणि का ठेवला असेल हे मी मामांना विचारू लागलो. पायाचा दांडा हे त्यातलं दुसरं उदाहरण. तो डाव्या बाजूला वीतभर जागेत झिजून खोलगट झाला होता. नवा गज वाकवून लावणं अर्ध्या तासाचं काम. पण झीज नेमकी तिथेच का, हे विचारल्यावर कळलं की मामा सांडशी उजव्या काखेत धरायचे आणि डाव्या पायाने दाबायचे. त्या जागेवरून तापलेली पट्टी भट्टीतून काढून ठोकळ्याखाली आणायला एकच पाऊल वळावं लागतं. म्हणजे हातोड्याची भट्टीशी असलेली जागा त्या खोलगटपणात लिहिलेली होती. मी माझ्या शेडमध्ये भट्टी त्याच अंतरावर, त्याच हाताला ठेवली. दांडा बदलला नाही.

काही गोष्टी मात्र ठेवण्यासारख्या नव्हत्या. एक्सेंट्रिक शाफ्टची बेअरिंगं व्हाइट मेटलची, म्हणजे मऊ पांढऱ्या मिश्रधातूची होती आणि इतकी झिजली होती की शाफ्ट हाताने उचलला तर खडखड वाजायचा. आजकाल सरळ बॉल बेअरिंग बसवा असा सल्ला मिळतो, आणि तो वाईट नाही. पण हातोड्याच्या सततच्या धक्क्याला व्हाइट मेटल चांगलं झेलतं, आणि झिजलं की घरच्या घरी पुन्हा ओतता येतं. ओतणं हे तर माझंच काम. कथलाचं प्रमाण जास्त असलेली मिश्रधातू घेतली: ८९ टक्के कथील, बाकी अँटिमनी आणि तांबं.

जुनं मेटल वितळवून काढलं. घरं सोड्याच्या पाण्यात उकळून तेल घालवलं. शाफ्टऐवजी त्याच मापाचा एक गज मधोमध बसवला आणि रॉकेलच्या चिमणीवर धरून त्याला काजळी चढवली, म्हणजे मेटल त्याला चिकटत नाही. कडेच्या फटी मातीने लिंपल्या. इथे माझी चूक झाली. माती वरून वाळली होती, आतून ओली होती. मेटल आत गेलं, खालच्या ओलीची वाफ झाली आणि वितळलेला रस भुसकन उडाला. चष्मा आणि चामड्याचा एप्रन होता, तरी मनगटावर तीन थेंब बसले. ते डाग आजही आहेत. जो मी फाउंड्रीत पोरांना रोज ओलीबद्दल बजावतो, त्या मी हे करायला नको होतं. दुसऱ्या दिवशी घरं गॅसच्या जाळावर इतकी तापवली की पाण्याचा थेंब टाकला तर नाचत उडून जाई, मातीही पार भाजली, मग ओतलं. मेटल योग्य तापलं की नाही हे बघायला मामांनी पाइनच्या खोक्याची काडी बुडवायला लावली. काडी काळी पडली पाहिजे, पेटता कामा नये. थर्मामीटरने ४२० अंश दाखवले. ओतताना थांबायचं नाही, एका धारेत भरायचं. थांबलात तर दोन थरांत सांधा राहतो.

त्यानंतरचं घासणं मला या सगळ्या कामात सर्वांत आवडलं. शाफ्टला निळ्याचा पातळ हात द्यायचा, घरात ठेवून थोडा फिरवायचा, उचलायचा. जिथे निळं लागलं तिथे उंचवटा. तो जुन्या तीनधारी कानशीपासून केलेल्या स्क्रॅपरने केसभर खरवडायचा. पुन्हा निळा, पुन्हा फिरवणं. सुरुवातीला दोनच ठिपके उमटतात. तिसऱ्या रविवारी संपूर्ण घरभर ठिपके पसरले, मोगऱ्याची फुलं पसरावीत तसे. शाफ्ट दोन इंची, फट साधारण पाच शतांश मिलिमीटर ठेवली. तेलाच्या चरी कोरल्या, पण कडेपर्यंत नेल्या नाहीत, नेल्या तर तेल वाहून जातं.

पाट्यांच्या जुडग्यात तिसरा पाटा मोडलेला निघाला. ट्रकचे कमानपाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे जुडगा नेला. त्याने पोलाद ओळखायला मोडक्या पाट्याची ठिणगी ग्राइंडरवर बघितली, त्याच जाडीचा सिलिकॉन-मँगनीजचा पाटा काढला, तापवून कमान दिली, तेलात विझवला आणि परत ताव दिला. प्रत्येक पाट्याची कमान त्याच्या वरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात. सगळे सुटे ठेवले तर मधे फट दिसते, आवळले की ती मिटते आणि जुडगा एकजीव होतो. या माणसाला मी पाटे कशाला हवेत ते सांगितलं नव्हतं. कळल्यावर त्याने पैसे कमी घेतले आणि चालू झाल्यावर बघायला बोलवा म्हणाला.

ऐरणीबद्दल सांगायलाच हवं. कुशीवर पीटर राइट हे नाव आणि पेटंटचा ठसा, म्हणजे इंग्लंडातल्या डडलीची. खाली १ ३ ७ असे आकडे. हे वजन आहे, पण किलो-पौंडात सरळ नाही. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, एक म्हणजे ११२ पौंड. दुसरा त्याच्या चतुर्थांशांचा, तीन म्हणजे ८४. तिसरा सुटे पौंड, सात. एकूण २०३ पौंड, म्हणजे ९२ किलो. माझ्या काट्यावर ती ९१ भरली. तोंड मधोमध दीडेक मिलिमीटर खचलेलं, कडा एका बाजूला टवके उडालेल्या. सरफेस ग्राइंडरवर घालून तोंड सपाट करावं असं मला वाटत होतं, एका वर्कशॉपशी बोलणंही झालं होतं. मामांनी एक जुनं छर्‍याचं बेअरिंग मागितलं. त्यातला छर्रा त्यांनी वितीच्या उंचीवरून तोंडावर सोडला. तो जवळपास पाऊण वीत उसळून आला. "पानी हाय अजून," ते म्हणाले, म्हणजे तोंडाचा कडकपणा शाबूत होता. या ऐरणींचं अंग मऊ घडीव लोखंडाचं असतं आणि वर पोलादाचा कडक थर भट्टीत जोडलेला. तो थर आधीच पातळ. सपाटीसाठी दीड मिलिमीटर खरवडला तर तो आणखी पातळ होतो, कडकपणाही कमी होण्याची भीती असते. शिवाय खचलेल्या मधल्या भागात वाकडी पट्टी सरळ करायला सोपी जाते, कारण थोडी उलटी वाकवता येते. टवक्यांच्या कडा कानशीने गोल केल्या, बाकी हात लावला नाही. ज्या ऐरणीवर छर्रा उसळतो तिचं तोंड मशीनवर घालू नये, असं माझं पक्कं मत झालं आहे.

पायाचं काम २०२३ च्या एप्रिलमध्ये काढलं. आमची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत हातोड्याचा पाया ठेवला तर दोन वर्षांत कलणार. साडेचार फुटांवर मुरूम लागेपर्यंत खणलं. सळ्यांची जाळी, काँक्रीट, त्यावर बाभळीचे चौकोनी तुकडे आडवे-उभे दोन थरांत, त्यावर जुना कन्व्हेयर बेल्ट आणि मग हातोडा. लाकूड ठोक्याचा हादरा मऊ करतं. अँकर बोल्ट प्लायवूडच्या साच्यात अडकवून ओतले, आणि तो साचा पावणेबारा इंच एक सुताचा केला. अठ्ठावीस दिवस पोत्यांवर पाणी मारलं. या काळात गाइडच्या पितळी पट्ट्या बदलल्या आणि फ्रेमला कोमट बेलतेलाचे, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे, दोन हात दिले. रंग दिला नाही. जुन्या यंत्राला सँडब्लास्ट करून चकचकीत रंग मारलेला मला बघवत नाही. त्या ओतणाऱ्याच्या बोटांचे ठसे त्यात बुजले असते.

इंजिनऐवजी ५ हॉर्सपॉवरची मोटर घेतली, ९६० फेऱ्यांची. पाच इंची पुलीवरून वीस इंची पुलीवर पट्टा घेतला की २४० फेऱ्या. तीन फेज आमच्याकडे दिवसा ठरलेल्या वेळीच असतात, त्यामुळे हातोडा शेतीपंपाच्या वेळापत्रकावर चालतो.

पहिल्या दिवशी तो नीट चालला नाही. ठोकळा एकदा जोरात आणि मग दोनदा हलका आपटायचा. पट्टा घसरत होता म्हणून मी तो आवळला, तर सुरुवातीचे अलगद ठोके गेले, एकदम धडाका. मामांनी पट्टा परत ढिला करायला लावला आणि एक्सेंट्रिकच्या दांड्याची लांबी बदलायला सांगितली. थांबलेल्या स्थितीत ठोकळा आणि खालची डाय, म्हणजे लोखंड ठेवायची बैठक, यांच्यात दोन बोटांची फट पाहिजे. माझी अर्ध्या बोटाची होती. फट कमी असेल तर पाट्याला लवायला जागाच मिळत नाही. दांडा सहा आटे फिरवला. मग त्यांनी भट्टीतून दीड इंची चौकोनी गज काढला, सांडशी काखेत घेतली, आणि डावा पाय त्या खोलगट जागेवर ठेवला. पहिले चार ठोके इतके हलके की नुसती खपली झडली. पाचव्यापासून गज मेणासारखा लांबू लागला. एका तावात वीतभर टोक निघालं. मला एवढ्याला तीन ताव आणि अर्धा तास लागतो. वडील शेडच्या दारात उभे होते. त्यांनी जन्मभर लोहारकीबद्दल चांगलं-वाईट काही बोललेलं मला आठवत नाही. तेव्हाही बोलले नाहीत. गज थंड झाल्यावर मात्र त्यांनी तो उचलून टोक अंगठ्याने तपासलं, आजोबा तपासायचे तसं.

मृगाच्या आधी शेजारचे दोघं पहार आणि कुळवाची फास घेऊन आले. दसऱ्याच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाने चाळीस कोयते सांगितले, कमानपाट्याचेच. ते मामा आणि मी मिळून नऊ दिवसांत दिले. पाणी मामांनी चढवलं, मला अजून त्यात चूक होते.

उजव्या गाइडमध्ये थोडी खटखट राहिली आहे. पितळी पट्टीमागे पातळ पत्रा घालून बघायचा आहे. बेंडरचा वरचा रोलर अजून काकवीच्या पिंपात आहे, त्याची एक बाजू जाम होती ती आता फिरू लागली. तो जोडला की एका चाकाला धाव चढवायची असं मामांनी ठरवलं आहे. चाक त्यांनी बघून ठेवलंय, सातारा रस्त्याच्या एका वाड्यात. पट्टी मला आणायची आहे, दोन इंच रुंद, चार सूत जाड.